साधी टेक्स्ट फाइल वर्डमध्ये वेबपेज होऊन उघडते, तेव्हा काय करायचं

मुद्रितशोधनासाठी किंवा भाषांतरासाठी एक टेक्स्ट फाइल येते. तिच्यात एखाद्या वेबसाइटचा मजकूर असतो, मध्येमध्ये पी, स्ट्राँग, बीआर असे टॅग (मजकूर वेबपेजवर कसा दिसावा हे सांगणाऱ्या खुणा) असतात आणि सोबत सूचना असते: ‘टॅगना हात लावू नका, फक्त मराठी तपासा.’ आपण फाइलवर डबल-क्लिक करतो. वर्ड उघडतं, मजकूर छान दिसतो, मथळे मोठे, महत्त्वाचे शब्द ठळक. टॅग मात्र एकही दिसत नाही. तरी काम पूर्ण होतं, कंट्रोल-एस दाबलं जातं, फाइल परत जाते. मग पलीकडून फोन येतो, कारण वर्डने त्या फाइलमध्ये स्वतःच्या शेकडो ओळी घुसडलेल्या असतात आणि मूळ टॅग ओळखू येत नाहीत.

हे टाळणं अवघड नाही. पण लोक ते चुकीच्या टोकाकडून सुरू करतात: आधी फाइल उघडतात आणि बिघडलेली दिसली की दुरुस्तीच्या मागे लागतात. फाइल कशी वाचायची हे तुम्ही उघडण्याआधी ठरवलं नाही, तर ते वर्ड ठरवतं. फाइलच्या नावापुढे टीएक्सटी लिहिलेलं असलं तरी वर्ड आणि त्याच्यासारखंच लिबरऑफिस आतल्या मजकुरात डोकावतात. सुरुवातीलाच वेबपेजची घोषणा किंवा एचटीएमएल या वेबपेजच्या भाषेतला टॅग दिसला, की हे वेबपेज आहे असं धरून टॅगचा अर्थ लावतात. टॅग लपतात, एकापुढे एक दिलेल्या मोकळ्या जागांची एकच जागा होते, एंटर मारून पाडलेल्या ओळी सलग जोडल्या जातात.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. चौथी आणि पाचवी या दोन वेगळ्या प्रोग्रामसाठी आहेत, त्यातली तुमच्या कामाची तेवढी घ्या. सहावी ही त्या दोन्हींऐवजीची सरळ वाट आहे.

## आधी ओळखा: फाइल वेबपेज म्हणून उघडली आहे का?

वर्डमध्ये पानाच्या कडा दिसेनाशा होतात आणि मजकूर खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो. खाली उजव्या कोपऱ्यात ‘वेब लेआउट’चं चिन्ह निवडलेलं असतं. लिबरऑफिसमध्ये वरच्या पट्टीवर फाइलच्या नावापुढे नुसतं ‘रायटर’ न येता ‘रायटर/वेब’ येतं. दोन्हीकडे सर्वांत पक्की खूण म्हणजे जिथे टॅग असायला हवेत तिथे ते नाहीत.

इशारा: यातलं काहीही दिसलं तर कंट्रोल-एस दाबू नका. फाइल बंद करा आणि ‘बदल जतन करायचे का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. वेबपेज म्हणून उघडलेली फाइल जतन करताना वेबपेज म्हणूनच लिहिली जाते, नाव टीएक्सटी राहिलं तरी. तोवर डिस्कवरची मूळ फाइल शाबूत असते. जतन केल्यावर ती राहत नाही.

## पायरी १: मूळ फाइल बाजूला ठेवा, विस्तार दिसू द्या

‘मूळ’ नावाचा फोल्डर करून आलेली फाइल त्यात टाका. तिच्यावर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड-ओन्ली’वर खूण करा. काम करायचं ते दुसऱ्या फोल्डरमधल्या नकलेवर. नक्कल केली की तिची ती खूण काढून टाका, नाहीतर जतन करताना अडेल.

आता फाइलचं पूर्ण नाव, विस्तारासकट, म्हणजे शेवटच्या टिंबापुढच्या टीएक्सटीसारख्या अक्षरांसकट दिसू द्या. विंडोज हे सहसा लपवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘व्ह्यू’खालच्या ‘शो’मध्ये आहे. हे केल्यावर बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की फाइलला दोन विस्तार आहेत, आधी टीएक्सटी आणि त्यापुढे एचटीएमएल. अशी फाइल ब्राउझर आणि वर्ड दोघेही वेबपेजच समजणार, त्यात त्यांची चूक नाही. शेवटचा एचटीएमएल काढून टाका. विंडोज इशारा देईल, ‘हो’ म्हणा.

तपासा: नकलेचं नाव टीएक्सटीने संपतं का? मूळ फाइल रीड-ओन्ली आहे का?

## पायरी २: नोटपॅडमध्ये उघडून आत काय आहे ते बघा

ही पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात, आणि पुढचा निम्मा गोंधळ इथेच मिटतो. नोटपॅड टॅगचा अर्थ लावत नाही. जे अक्षर आहे तेच दाखवतं. नकलेवर राइट-क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅड निवडा. तुमच्या संगणकावर टेक्स्ट फाइल डबल-क्लिकने थेट वर्डमध्ये उघडत असेल, तर तिथेच ‘चूज अनदर ॲप’मध्ये जाऊन नोटपॅड कायमचं ठरवून टाका. विसरून डबल-क्लिक झालं तरी मग नुकसान होत नाही.

आत चारपैकी एक गोष्ट दिसेल.

अ. वाचता येणारं मराठी आणि मध्ये टॅग. नेहमीची फाइल. पुढे चला.

आ. सगळे टॅगच टॅग, तुमचा मजकूर नाहीच. सुरुवातीला वेबपेजची घोषणा, मग स्टाइल, स्क्रिप्ट, आणि खाली कुठेतरी ‘साइन इन’ किंवा ‘पान सापडलं नाही’ अशा अर्थाचे शब्द. म्हणजे डाउनलोड करताना फाइल आलीच नाही. सर्व्हरने लॉगिनचं किंवा त्रुटीचा संदेश देणारं पान पाठवलं आणि ब्राउझरने ते तुमच्या फाइलच्या नावाने ठेवून दिलं. इथे वर्डची कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही. लॉगिन करून फाइल पुन्हा उतरवा, किंवा पाठवणाऱ्याकडून ईमेलला जोडून मागवा. आकाराकडेही लक्ष द्या: पन्नास पानांचा मजकूर अपेक्षित असताना फाइल चारपाच केबीची असेल, तर उघडण्याआधीच शंका यायला हवी.

इ. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन खच, तोही सरळ कीबोर्डवरच्याच अक्षरांचा. हा मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) नसून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्यात वेबपेजच्या गोंधळाचा धोका दुप्पट असतो. कारण बघा: कृतिदेवमध्ये ‘ढ’ हे अक्षर ‘पेक्षा लहान’ या चिन्हाच्या जागी बसवलं आहे आणि ‘झ’ हे ‘पेक्षा मोठा’ या चिन्हाच्या जागी. टॅग सुरू आणि बंद करणारी चिन्हं हीच! म्हणजे अशी फाइल वेबपेज म्हणून वाचली गेली, तर ‘ढग’मधल्या ‘ढ’पाशी टॅग सुरू झाल्याचा समज होऊन पुढचा ‘झ’ येईपर्यंतचा मजकूर गिळला जाऊ शकतो. पडद्यावर वाक्य तुटलेलं दिसतं आणि टंकलेखकाला दोष दिला जातो. अशा फाइलला वर्डकडे नेण्यापूर्वी फाँट-परिवर्तकाने युनिकोड करून घ्या, आणि परिवर्तकातही मजकूर नोटपॅडमधूनच उचलून टाका. टॅग आणि कृतिदेव एकत्र असतील, तर परिवर्तक टॅगची चिन्हंही ‘ढ’ आणि ‘झ’ करून टाकेल. तेव्हा फक्त मजकुराचे तुकडे एकेक करून बदला. काम कंटाळवाणं आहे, पण यातून सुटका करणारी पळवाट माझ्या पाहण्यात नाही.

ई. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या शेजारी विचित्र चिन्हं. मजकूर युनिकोडच आहे, वाचण्याची पद्धत चुकली आहे. पुढची पायरी त्यासाठीच.

## पायरी ३: एन्कोडिंग टिपून घ्या

वर्ड आणि लिबरऑफिस पुढे तुम्हाला विचारणार आहेत: एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) कोणतं? तेव्हा अंदाजाने काही निवडू नका. नोटपॅडच्या तळाच्या पट्टीवर उजवीकडे ते लिहिलेलं असतं (विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून). त्याआधीच्या नोटपॅडमध्ये ‘सेव्ह ॲज’ उघडलं की खालच्या चौकटीत दिसतं. बघा आणि रद्द करा.

बहुतेक मराठी फाइली यूटीएफ-८ मध्ये असतात. या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि स्वर, व्यंजन, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. हीच फाइल जुन्या पाश्चात्त्य विंडोज पद्धतीने वाचली तर तीन बाइटांची तीन वेगळी चिन्हं होतात. पहिलं नेहमी रेघवाला ‘ए’. दुसरं अक्षरानुसार बदलतं: म, र, काना, ठ यांच्यासाठी चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, आणि दुसऱ्या वेलांटीसाठी जपानी येनचं चिन्ह. पडद्यावर ही जोडी सतत दिसली की समजा, मजकूर यूटीएफ-८ आहे आणि सुरक्षित आहे. फक्त पद्धत बदलून पुन्हा उघडा.

याउलट मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर मजकूर आधीच कुणीतरी चुकीच्या पद्धतीने जतन केला आहे. प्रश्नचिन्हांतून मराठी परत येत नाही. मूळ फाइल पुन्हा मागवा.

करून बघा: नोटपॅडमध्ये फक्त ‘मराठी’ लिहा, एंटर मारू नका, यूटीएफ-८ मध्ये जतन करा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ’समोर १५ बाइट दिसतील. १८ दिसले तरी चालेल, सुरुवातीला तीन बाइटांची खूणचिठ्ठी जोडली गेली आहे एवढंच. ५ दिसले तर मात्र पाच प्रश्नचिन्हं जतन झाली आहेत. (‘साइझ ऑन डिस्क’ बघू नका, तो आकडा वेगळा असतो.)

## पायरी ४: वर्डला विचारायला लावा

आता मुख्य सेटिंग.

१. वर्ड नुसतं उघडा, रिकाम्या पानासह. फाइल अजून उघडायची नाही.

२. ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग डावीकडे ‘ॲडव्हान्स्ड’.

३. खूप खाली ‘जनरल’ हा भाग येईपर्यंत सरकत जा. तिथे ‘कन्फर्म फाइल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन’ या चौकटीवर खूण करा आणि ‘ओके’ म्हणा. डाव्या यादीत सर्वांत वरही ‘जनरल’ नावाचा वेगळा विभाग आहे. लोक तिथे शोधतात आणि हा पर्याय आपल्या वर्डमध्ये नाहीच असं समजून सोडून देतात. तो ‘ॲडव्हान्स्ड’च्या आतल्या ‘जनरल’मध्ये आहे.

४. आता ‘फाइल’, ‘ओपन’, ‘ब्राउझ’मधून तुमची नक्कल उघडा. यादीत दिसत नसेल तर खालच्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडा.

५. ‘कन्व्हर्ट फाइल’ नावाची छोटी खिडकी येईल. त्यात वर्डने ‘एचटीएमएल डॉक्युमेंट’ आधीच निवडून ठेवलेलं असेल. इथेच घाईत ‘ओके’ दाबलं जातं आणि सगळं मुसळ केरात! थांबा, यादीतून ‘एन्कोडेड टेक्स्ट’ निवडा, मग ‘ओके’.

६. पुढची खिडकी एन्कोडिंग विचारेल. ‘अदर एन्कोडिंग’ निवडून उजवीकडच्या यादीतून ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ घ्या. खाली मजकुराची झलक दिसते. ती वाचा. मराठी नीट आणि टॅग जसेच्या तसे दिसले तरच ‘ओके’.

‘प्लेन टेक्स्ट’ असाही पर्याय त्या यादीत असतो. मराठीसाठी तो टाळा, कारण एन्कोडिंग तुमच्या हातात राहतं ते ‘एन्कोडेड टेक्स्ट’मध्ये.

तपासा: पहिल्या ओळीत टॅग दिसतो का? वर्डच्या तळाशी ‘प्रिंट लेआउट’ निवडलेलं आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर फाइल बरोबर उघडली.

ही खूण केल्यावर वर्ड स्वतःच्या प्रकारातली नसलेली प्रत्येक फाइल उघडताना तुम्हाला विचारेल. काहींना हे त्रासदायक वाटतं आणि दोन दिवसांनी ते खूण काढून टाकतात. टॅग असलेला मजकूर तुमच्याकडे नियमित येत असेल तर ती राहू द्या. एक जादा क्लिक हा फार स्वस्त सौदा आहे.

### वर्डमधल्या ज्या वाटा सोप्या वाटतात, पण घेऊ नयेत

‘ओपन’च्या खिडकीत ‘टेक्स्ट फाइल्स’ निवडणं. त्याने यादीत कोणत्या फाइली दिसाव्यात एवढं गाळलं जातं. फाइल साधा मजकूर म्हणूनच वाचली जाईल याची हमी त्यात नाही.

‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’. हा पर्याय खराब झालेल्या फाइलींसाठी आहे. शिवाय तो निवडलेला राहून जातो, आणि पुढच्या वेळी चांगली वर्ड फाइल उघडली की चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल करप्ट झाली म्हणून धावपळ होते. असं झालं असेल तर त्याच चौकटीत पुन्हा ‘ऑल वर्ड डॉक्युमेंट्स’ करा.

फाइलच्या सुरुवातीला एखादी साधी ओळ घालून वर्डला चकवणं. कधी जमतं, कधी नाही. आणि जमलं तरी ती ओळ परत पाठवताना काढायची राहते व थेट वेबसाइटवर जाते.

## पायरी ५: लिबरऑफिस वापरत असाल तर

इथे वेगळी सेटिंग शोधण्याची गरज नाही. उघडतानाच प्रकार सांगता येतो, आणि तो इथे खरोखर पाळला जातो.

१. रायटर उघडा. ‘फाइल’, ‘ओपन’.

२. फाइलवर एकदाच क्लिक करून ती निवडा. डबल-क्लिक नाही.

३. खालच्या प्रकारांच्या यादीतून ‘टेक्स्ट - चूज एन्कोडिंग’ निवडा. यादी भली लांब आहे आणि सारख्या नावांनी भरलेली आहे. ज्याच्या पुढे कंसात ‘रायटर/वेब’ लिहिलंय तो घेऊ नका, नाहीतर पुन्हा तिथेच याल. ‘टेक्स्ट सीएसव्ही’ही नको, तो तक्त्यांसाठी आहे.

४. प्रकार बदलल्यावर फाइलची निवड सुटली असेल तर पुन्हा करा. टीएक्सटी विस्तार नसलेली फाइल यादीतून नाहीशी होते. तेव्हा तिचं पूर्ण नाव हाताने टाइप करा.

५. ‘ओपन’ दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत ‘कॅरेक्टर सेट’ला ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ ठेवा. फाँटच्या जागी देवनागरी असलेला कोणताही फाँट निवडा. त्याने फाइल बदलत नाही, फक्त तुम्हाला दिसतं.

इशारा: हे दर वेळी करावं लागतं. उद्या त्याच फाइलवर डबल-क्लिक केलंत तर आज निवडलेला प्रकार लागू होईल असं धरू नका.

रायटर/वेबमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘एचटीएमएल सोर्स’ असतं आणि टॅग तिथे दिसतात. म्हणून काही जण तिथेच दुरुस्त्या करतात. तुम्ही अजून वेबपेजच्याच दालनात आहात हे विसरू नका, आणि तिथून जतन करू नका.

## मॅकवर

टेक्स्टएडिटच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ या भागात जाऊन ‘डिस्प्ले एचटीएमएल फाइल्स ॲज एचटीएमएल कोड’ने सुरू होणाऱ्या ओळीवर खूण करा. त्याच पानावर जतन करण्याचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. एखाद्याच फाइलपुरतं हवं असेल तर ‘ओपन’च्या खिडकीत ‘ऑप्शन्स’ दाबून ‘इग्नोर रिच टेक्स्ट कमांड्स’ निवडा.

## पायरी ६: एकच फाइल असेल तर सरळ वाट

महिन्यातून एखादी अशी फाइल येत असेल तर चौथ्या-पाचव्या पायरीच्या भानगडीत न पडता नोटपॅडमध्ये सगळा मजकूर निवडा, कॉपी करा, वर्डच्या कोऱ्या पानावर राइट-क्लिक करून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवा. नोटपॅड क्लिपबोर्डवर नुसता मजकूर ठेवतं, त्यामुळे वर्डला अर्थ लावायला वावच राहत नाही. मी हीच वाट बहुतेकांना सुचवते.

एक अट: नोटपॅडमध्ये मजकूर नीट दिसत असला पाहिजे. आणि कॉपी ब्राउझरमधून करू नका. ब्राउझर मजकुरासोबत त्याची सजावटही क्लिपबोर्डवर ठेवतो, चिकटवल्यावर टॅग मात्र दिसत नाहीत.

## पायरी ७: टाइप करण्याआधी ऑटोकरेक्ट आवरा

टॅग वाचले म्हणजे काम संपलं असं नाही. वर्ड टाइप करताना सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतं. वाक्यात ती शोभतात, पण टॅगच्या आत एक जरी वळणदार झालं तरी दुवा किंवा चित्र बंद पडतं. दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ होते, त्यामुळे टिप्पणीचे टॅग मोडतात. वेबपत्ता टाइप केला की निळा दुवा होतो.

‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ आणि त्यात ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’. अवतरणचिन्हं, आडव्या रेघा आणि इंटरनेट पत्ते या तिन्हींच्या खुणा काढा. लिबरऑफिसमध्ये हेच ‘टूल्स’मधल्या ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’मध्ये आहे.

आता सुरुवातीचा आकडा घेऊन ठेवा. ‘रिप्लेस’ची खिडकी उघडा, वर ‘पेक्षा लहान’ चिन्ह टाका आणि खालीही तेच टाका. ‘रिप्लेस ऑल’ दाबल्यावर वर्ड किती ठिकाणी बदललं ते सांगतं. चिन्हाच्या जागी तेच चिन्ह आल्यामुळे मजकुरात फरक पडत नाही, पण टॅगची मोजणी होते. ‘पेक्षा मोठा’ चिन्हाचीही अशीच करा. दोन्ही आकडे कागदावर लिहा. ते बहुधा सारखे येतात. आले नाहीत तर मूळ फाइलमध्येच एखादा टॅग अर्धवट आहे, ते पाठवणाऱ्याला आत्ताच कळवा. नंतर कळवलंत तर तो टॅग तुम्ही मोडला असं वाटेल.

## पायरी ८: जतन करताना

वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ घ्या, प्रकार ‘प्लेन टेक्स्ट’. पुढच्या खिडकीत चार गोष्टी:

- ‘अदर एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८. इथे ‘विंडोज (डीफॉल्ट)’ आधीच निवडलेलं असतं. तसंच सोडलं तर खालच्या झलकेत मराठी मजकूर लाल दिसतो, आणि वर्ड सांगतं की लाल भाग नीट जतन होणार नाही. त्या लाल रंगाकडे दुर्लक्ष करून ‘ओके’ दाबलं, की प्रश्नचिन्हं झालीच.
- ‘इन्सर्ट लाइन ब्रेक्स’वर खूण नको. असेल तर पडद्यावर जिथे ओळ वळते तिथे प्रत्येक ठिकाणी एंटर पडतो.
- ‘अलाउ कॅरेक्टर सबस्टिट्यूशन’ही नको.
- ओळींचा शेवट ‘सीआर/एलएफ’. पाठवणाऱ्याने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका.

लिबरऑफिसमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना प्रकार ‘टेक्स्ट - चूज एन्कोडिंग’ ठेवा आणि ‘एडिट फिल्टर सेटिंग्ज’वर खूण करा, म्हणजे यूटीएफ-८ निवडता येईल. ‘कीप करंट फॉरमॅट’ असं विचारणारी खिडकी आली तर टेक्स्टचं बटण दाबा. ओडीएफचं (लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकाराचं) बटण मोठ्या आग्रहाने पुढे येतं, पण त्याने वेगळ्याच प्रकारची फाइल तयार होते.

## पायरी ९: परत पाठवण्याआधी

जतन केलेली फाइल वर्डमध्ये उघडून बघण्यात अर्थ नाही. नोटपॅडमध्ये उघडा आणि हे बघा:

पहिली आणि शेवटची ओळ मूळ फाइलसारखीच आहे का. मराठी वाचता येतं का, विशेषतः ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र. तळाच्या पट्टीवर यूटीएफ-८ आहे का. फाइलच्या आकारात मोठी तफावत नाही ना: दोनचार शब्द सुधारून फाइल दुप्पट झाली असेल, तर वर्डने स्वतःचं काहीतरी घातलं आहे, आणि निम्म्यावर आली असेल तर टॅग किंवा मराठी गेलं आहे.

मग टॅगची दुसरी मोजणी. नोटपॅड प्लस प्लस असेल तर त्याच्या ‘फाइंड’मधलं ‘काउंट’ बटण वापरा, नसेल तर चौथ्या पायरीने फाइल पुन्हा उघडून ‘रिप्लेस ऑल’ने मोजा आणि जतन न करता बंद करा. आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. एकाने जरी कमी असेल तर कुठला टॅग गेला ते शोधल्याशिवाय फाइल पाठवू नका. मूळ आणि नवी फाइल दोन खिडक्यांत शेजारी लावून वरून खाली बघत गेलं की सापडतो.

पाठवताना मजकूर ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवू नका. तिथे ओळी आणि अवतरणचिन्हं बदलण्याचा धोका पुन्हा सुरू होतो. फाइल झिप करून जोडा, आणि सोबत एका ओळीत लिहा: ‘यूटीएफ-८, साधा मजकूर, नोटपॅडमध्ये किंवा कोड एडिटरमध्ये उघडावी.’ कारण पलीकडचा माणूसही डबल-क्लिकच करणार आहे.